चंद्रतालच्या वाटेवरचं कस्तुरीच्या वासाचं निळं फूल: ओळख, विष आणि लागवड

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. ऑगस्टच्या शेवटी तुम्ही कुटुंबासह हिमाचलातल्या कुंझुम खिंडीवरून चालत चंद्रताल तळ्याकडे उतरलात. वाटेत दगडगोट्यांच्या उतारावर वीतभर उंचीची, अंगभर लव असलेली झाडं दिसली. त्यांना फिकट निळी-जांभळी, फुगीर फुलं होती. घोडेवाल्याने एक दांडी तोडून तुमच्या मुलीच्या हातात दिली. तिने पान चुरगाळून वास घेतला आणि दांडी वहीत ठेवली. पुण्यात तीन आठवड्यांनी वही उघडली, तरी वास येतोच आहे. घोडेवाला म्हणाला, ही औषधी आहे, आजोबांच्या गुडघ्यांना चालेल. आता तुम्हाला नाव हवंय, पुण्याच्या बाल्कनीत ती लावता येईल का ते विचारायचंय, ऑनलाइन मिळणारी ‘हिमालयन ब्लू’ बियांची पाकिटं घ्यावीत का हेही, आणि मुलीला काही अपाय तर होणार नाही ना, ही काळजी आहे.

काळजीचं आधी बोलू. पान चुरगाळल्याने, वास घेतल्याने विषबाधा होत नाही. नाजूक कातडीला थोडी खाज सुटू शकते, बाकी काही नाही. पण झाड विषारी आहे: मूळ, पान, फूल, बी, सगळंच. त्यामुळे ती दांडी तोंडात जाणार नाही इतकं बघा आणि हाताळल्यावर हात धुवायला लावा. तीन आठवडे उलटलेत, मुलगी ठणठणीत आहे, म्हणजे त्या दिवसाचा विषय संपला. आजोबांच्या गुडघ्यांना मात्र ही वनस्पती पोटातून किंवा काढा करून, कशीही देऊ नका. त्याचं कारण पुढे सविस्तर सांगतो.

आता नाव. तुमच्या वर्णनात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: चार हजार मीटरच्या वरची दगडी जागा, पारदर्शक वाटावं असं फुगीर निळं फूल आणि वाळल्यावरही टिकणारा कस्तुरीसारखा वास. या तिन्ही मिळून जवळजवळ एकाच वनस्पतीकडे बोट दाखवतात. डेल्फिनियम ब्रुनोनियानम, म्हणजे कस्तुरी लार्कस्पर. कुल मोरवेलीचं. मोरवेल, अतिविष, बचनाग आणि ही, सगळी एकाच घरातली भावंडं आहेत.

फोटो पुन्हा उघडा आणि मी सांगतो तसं बघत जा. पान आधी. गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, पाच भागांत खोल चिरलेलं, आणि प्रत्येक भागाला पुन्हा दाते. बोट लावलं तर किंचित चिकट लागतं, कारण लव ग्रंथींची असते. वास त्या ग्रंथींतल्या तेलाचा. आता फूल. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती पाच निळी, शिरा उठून दिसणारी दलं खरं तर संदलं आहेत, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरणच रंगीत झालेलं. ती पातळ कागदासारखी असतात आणि फूल उलटून गेलं तरी लवकर गळत नाहीत. वरच्या संदलाला मागे एक रुंद, बोथट पिशवी असते. तिला इंग्रजीत ‘स्पर’ म्हणतात, आपण शेपटी म्हणू. खऱ्या पाकळ्या आत लपलेल्या असतात. त्या चार असतात, लहान आणि गडद, जवळजवळ काळपट. वरच्या दोन पाकळ्यांची टोकं त्या पिशवीत गेलेली असतात आणि मध तिथे साठतो. चिनी वनस्पतीशास्त्रज्ञांनी या जातीला जे नाव दिलंय त्याचा अर्थच ‘पिशवीसारख्या शेपटीचं डेल्फिनियम’ असा आहे. मला ते नाव फार आवडतं. ज्याने दिलं त्याने फूल हातात धरून बघितलं होतं.

हे सगळं इतकं बारकाईने सांगतोय त्याला कारण आहे. त्याच उतारांवर, त्याच दिवसांत, तशाच निळ्या-जांभळ्या रंगात बचनागाच्या जाती फुलतात आणि ती चूक महागात पडते. ओळखायची खूण सोपी आहे. बचनागाच्या फुलाला डोक्यावर टोपरं किंवा शिरस्त्राण असतं, मागे शेपटी नसते. डेल्फिनियमला मागे शेपटी असतेच असते. शंका आली तर फूल बाजूने बघा, समोरून नको. थोड्या खालच्या उंचीवर डेल्फिनियम कॅश्मेरियानम भेटतं. तेही देखणं, निळं, पिशवीदार, पण त्याला असा कस्तुरीचा दरवळ नसतो. तुमची वही तीन आठवडे दरवळते आहे, म्हणून मी ब्रुनोनियानमवर ठाम आहे.

नावामागची गोष्ट छोटी आहे. जॉन फोर्ब्ज रॉयल हा ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य सहारनपूरच्या वनस्पती-उद्यानाचा प्रमुख होता. हिमालयातून आलेले नमुने त्याच्याकडे साठत गेले आणि इंग्लंडला परतल्यावर त्याने ते प्रसिद्ध केले. ही जाती त्याने १८३४ मध्ये नोंदवली आणि रॉबर्ट ब्राउनचं नाव दिलं. ब्राउनचं लॅटिन रूप ब्रुनोनियस, त्यावरून ब्रुनोनियानम. पाण्यात हलणाऱ्या सूक्ष्म कणांची ‘ब्राउनियन गती’ आपण शाळेत शिकतो, तोच हा ब्राउन. मुळात तो वनस्पतीशास्त्रज्ञ होता.

तिचा पसारा अफगाणिस्तानच्या पर्वतांपासून सुरू होतो. उत्तर पाकिस्तान, लडाख, लाहौल-स्पिती, किन्नौर, पुढे नेपाळ आणि दक्षिण तिबेट. उंची साधारण साडेतीन हजार मीटरपासून, पण तिचं खरं घर साडेचार हजारांच्या वर आहे. तिबेटमध्ये ती सहा हजार मीटरपर्यंत नोंदवली गेली आहे. झाडं तर सोडाच, झुडपंही जिथे संपलेली असतात तिथे ही दगडांच्या फटीत बसलेली असते. या सगळ्या जागांत एक समान धागा आहे: पावसाळ्याची सावली. मॉन्सूनचे ढग धौलाधार आणि पीर पंजाल रांगांवर रिते होतात, मागे स्पितीत थोडंच येतं. पाणी मिळतं ते वितळणाऱ्या बर्फाचं, आणि दगडी उतार ते क्षणात निचरून टाकतो. थंड पाणी मुळाशी, पण मूळ कधी पाण्यात उभं नाही. हे लक्षात ठेवा, लागवडीचा सगळा खेळ इथेच आहे.

मी ही पहिल्यांदा बघितली त्याच्या आधी मला तिचा वास आला. बारालाचा खिंडीच्या अलीकडे दुपारी गारा झाल्या, आम्ही एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसलो आणि कुठूनतरी ओल्या लोकरीत कस्तुरी मिसळल्यासारखा वास येऊ लागला. मला वाटलं शेळ्यामेंढ्यांचा कळप जवळ असावा. गारा थांबल्यावर पायाशीच बघितलं तर सात-आठ रोपं. त्यातल्या एका फुलात एक केसाळ भुंगा डोकं आत घालून निपचित बसला होता. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत होतो. ऊन आलं, पंधरावीस मिनिटांनी त्याने पाय हलवले, अंग थरथरवून गरम केलं आणि उडाला. त्या उंचीवर मधमाशा जवळपास नसतातच, परागीकरणाचं काम या थंडीत उडू शकणाऱ्या लांब जिभेच्या भुंग्यांवर असतं. फुलात केसरं आधी पिकतात, किंजल्क नंतर, त्यामुळे एकाच फुलाचे पराग त्याच फुलाला लागण्याची शक्यता कमी होते. तीन-साडेतीन महिन्यांच्या मोसमात जून-जुलैमध्ये बर्फातून बाहेर यायचं, फुलायचं, भुंग्याची वाट बघायची, बी धरायचं आणि सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा जमिनीत जायचं. उरलेले आठ-नऊ महिने ती फक्त मूळखोड असते.

आता रसायन. वास आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिलं सांगतो. वास उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. विष असतं ते अल्कलॉइडांचं, म्हणजे वनस्पतीत तयार होणाऱ्या, शरीरावर जोरदार परिणाम करणाऱ्या नत्रयुक्त रसायनांचं, आणि ती हवेत उडत नाहीत. म्हणून सुवास येतो म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ काढायचा नाही, आणि उलट, वास घेतला म्हणजे विष अंगात गेलं असंही नाही.

डेल्फिनियममध्ये सापडतात ती डायटर्पिन गटातली अल्कलॉइडं, बहुतेक लायकोक्टोनीन नावाच्या सांगाड्यावर बांधलेली. एकोणीस कार्बनांचा, एकात एक गुंतलेल्या कड्यांचा हा पिंजरा इतका किचकट आहे की त्याची रचना नक्की व्हायला १९५६ साल उजाडलं. कॅनडात मारिया प्रशिबिल्स्का आणि लिओ मॅरियन यांनी क्ष-किरणांनी स्फटिक तपासून ती उलगडली. कस्तुरी लार्कस्परमधून चिनी संशोधकांनी १९८० च्या दशकात डेलब्रुनीन, डेलब्रुलीन, डेलब्रुसीन अशी अल्कलॉइडं वेगळी केली. नावं बघा, ‘डेल’ डेल्फिनियमचं आणि ‘ब्रु’ ब्रुनोनियानमचं.

या गटातलं सगळ्यात अभ्यासलेलं अल्कलॉइड म्हणजे मिथिललायकॅकोनिटीन. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ गुडसन यांनी १९४३ मध्ये ते डेल्फिनियम इलेटमच्या बियांतून मिळवलं. इलेटम म्हणजे युरोपच्या पर्वतांतली, पिरेनीजपासून सैबेरियापर्यंत पसरलेली उंच जाती, आणि बागेतल्या बहुतेक डेल्फिनियमांची पणजी. हे अल्कलॉइड शरीरात काय करतं ते समजून घ्या. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं निरोप्या रसायन सुटतं, स्नायूवरच्या ठरावीक जागी बसतं आणि स्नायू आकुंचन पावतो. लार्कस्परची विषं त्याच जागा जाऊन अडवतात. एसटीत सीटवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. रुमाल प्रवास करत नाही, पण खऱ्या प्रवाशाला बसूही देत नाही. ॲसिटिलकोलीन येतं आणि जागा न मिळून परत जातं. स्नायूला हुकूम पोहोचतच नाही. पाय लटपटतात, जनावर बसतं, मग आडवं होतं आणि श्वासाचे स्नायू थांबले की मरतं. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना लावायचे त्या क्युरारेचीही हीच तऱ्हा. सोव्हिएत काळात इलेटमपासून काढलेलं एलाटीन स्नायूंचा ताठरपणा सैल करायला औषध म्हणून वापरलंही गेलं. आज मिथिललायकॅकोनिटीन मेंदूच्या प्रयोगशाळांत लागतं, कारण मेंदूतल्या अल्फा-७ नावाच्या एका ठरावीक निकोटिनिक ग्राहीवर, म्हणजे ॲसिटिलकोलीनच्या बसायच्या जागेवर, ते अगदी नेमकं जाऊन बसतं, आणि त्या ग्राहीचं काम काय हे त्यामुळे शोधता येतं.

बचनागाचं अकोनिटीन याच घराण्यातलं, पण त्याचं काम उलट्या दिशेचं. ते मज्जातंतू आणि हृदयाच्या पेशींमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं, ती बंदच होऊ देत नाही. हृदयाचे ठोके वेडेवाकडे होऊन माणूस जातो. म्हणजे एक भावंड हुकूम थांबवतं, दुसरं हुकूम थांबूच देत नाही. दोन्हींचा शेवट वाईट आणि दोन्ही एकाच उतारावर. म्हणून ‘डोंगरातलं निळं मूळ’ असं सांगून कुणी काही देत असेल तर घेऊ नका.

गुरांच्या बाबतीत याचा सगळ्यात मोठा अनुभव अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पशुपालकांना आहे. कोलोराडो, युटाच्या उंच कुरणांत डेल्फिनियम बार्बेई नावाची माणसाएवढी उंच जाती वाढते आणि दर उन्हाळ्यात गाई तिच्यामुळे मरतात. युटामधल्या लोगन इथल्या विषारी वनस्पतींच्या सरकारी प्रयोगशाळेने यावर वर्षानुवर्षं काम केलंय. कोवळ्या फुटव्यात विष सगळ्यात जास्त असतं, पुढे ते कमी होत जातं, पण फुलोऱ्यानंतर गाई ती जास्त खाऊ लागतात. त्यामुळे मधले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. मेंढीला मात्र गाईच्या चार-पाच पट मात्रा सहन होते, म्हणून तिथले शहाणे पशुपालक आधी मेंढ्या सोडतात आणि मग गाई. बाधलेल्या जनावराला निओस्टिग्मीन देतात. त्याने ॲसिटिलकोलीन टिकून राहतं, साठत जातं आणि रुमालवाल्याला हुसकून जागा परत घेतं.

विषाचा माणसाने उपयोगही करून घेतला आहे. भूमध्य समुद्राच्या काठी स्टॅव्हसेकर नावाच्या चुलत वनस्पतीच्या बिया उवा मारायला रोमन काळापासून वापरत. आपल्याकडे हिमालयात कस्तुरी लार्कस्परच्या पाल्याचा रस मेंढ्यांच्या गोचिडांवर लावायची रीत जुन्या नोंदींत आहे. तिबेटी वैद्यकात तिचं नाव ‘ब्यागोद पो’ असं आहे, म्हणजे गिधाडाचा धूप. लडाख-स्पितीचे आमची, म्हणजे सोवा रिग्पाचे वैद्य, ती वापरतात. पण ते ती एकटी, कच्ची, अंदाजाने देत नाहीत. संस्कार करून, इतर द्रव्यांबरोबर, माणूस बघून देतात, आणि ते ज्ञान गुरूकडे बसून वर्षानुवर्षं शिकलेलं असतं. घोडेवाला खोटं बोलला नाही, त्याने अर्धं सांगितलं. त्यात आणखी एक घोळ असावा असा माझा अंदाज आहे. हिमालयात खालच्या उंचीवर, दीड ते अडीच हजार मीटरच्या आसपास, डेल्फिनियम डेन्युडेटम वाढतं. त्याचं मूळ निर्विषी किंवा जदवार म्हणून युनानीत प्रसिद्ध आहे, बचनागावरचा उतारा म्हणून नाव कमावलेलं. ‘निळं फूल, मूळ औषधी’ एवढ्याच वर्णनावर एकाची कीर्ती दुसऱ्याला चिकटते. आजोबांचे गुडघे दुखत असतील तर हाडांच्या डॉक्टरकडे न्या. आणि चुकून कुणाच्या पोटात असं मूळ गेलंच, तर उलटी करवत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा आणि झाडाचा तुकडा सोबत न्या.

रंगाबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. निळ्या-जांभळ्या रंगद्रव्याला डेल्फिनिडीन म्हणतात, ते नावच या वनस्पतीवरून पडलं. रिशार्ड विलस्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लार्कस्परमधून हा रंग वेगळा केला आणि १९१५ चं नोबेलही वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामाला मिळवलं. तेच डेल्फिनिडीन तुमच्या स्वयंपाकघरात वांग्याच्या सालीत आहे, जांभळाने जीभ निळी होते त्यात आहे, कुंपणावरच्या गोकर्णीत आहे. मग वांगं जांभळं आणि गोकर्ण निळी का? रेणूला बाजूने आणखी साखरा आणि आम्लांचे गट जोडले जातात, ते गट रंगाच्या रेणूवर पानांसारखे दुमडून झाकण घालतात आणि रंग निळ्याकडे सरकतो. बागेतल्या गडद निळ्या डेल्फिनियममध्येही हाच प्रकार. विषाचा रंगाशी काही संबंध नाही, जांभळं निर्धास्त खा.

आता लागवड. पुण्यात ही येणार नाही. हे मी पुस्तकी सांगत नाही, हात भाजून घेऊन सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी हिमाचलातल्या एका संस्थेच्या वाफ्यावरून रीतसर बी मिळालं. ओल्या वाळूत मिसळून डबी फ्रिजमध्ये चार-पाच अंशांवर आठ आठवडे ठेवली. जानेवारीच्या सुरुवातीला बाहेर काढली आणि आठ-दहा दिवसांत काही बिया उगवल्या. दोन गोलसर बीजपत्रं, मग पहिलं खरं पान, तीन भागांचं, कडेला लव. मी ते भिंगातून बघितलं आणि त्या संध्याकाळी कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं होतं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाच-सहा रोपं होती. मार्चमध्ये पुण्याची रात्र अठरा अंशांच्या वर गेली. रोपं वाढायची थांबली, पानं फिकट झाली, आणि मग एकेक रोप मातीलगत काळं पडून आडवं झालं. एप्रिल उजाडायच्या आत सगळी गेली. बुरशीनाशक दिलं, पाणी कमी केलं, पंखा लावला. उपयोग शून्य.

कारण उमजायला मला वेळ लागला. उष्ण रात्री रोप श्वसनातच दिवसभराची कमाई खर्च करतं. उंचावरच्या वनस्पतीची ताळेबंदाची घडी थंड रात्रीवर बसलेली असते: दिवसा लखलखीत ऊन, रात्री गोठणबिंदूच्या आसपास. आपल्याकडे ते जमाखर्चात तोट्यात जातं, अशक्त होतं, आणि दमट कोमट मातीतली बुरशी अशक्त मुळाच्या मानेवर बसते. बुरशी फक्त शेवटचा घाव घालते. त्यात ते जगलं असतं तरी हिवाळ्यात त्याला खरी झोप लागली नसती, कारण मूळखोडाला कित्येक आठवडे पाच अंशांच्या खाली राहावं लागतं, तेव्हाच पुढचा फुटवा आणि फूल. एसीच्या खोलीत ठेवू का, असं मला अनेक जण विचारतात. एसी बावीस अंश देतो. तिला ना ते बावीस अंश पुरतात, ना खिडकीतला उजेड.

जिथे ही जमते तिथले लोक कसं करतात ते मात्र सांगतो, कारण तुमचे कुणी नातेवाईक स्कॉटलंडला, नॉर्वेला असतील तर त्यांना उपयोग होईल. उंच पर्वतांतल्या वनस्पतींचे तिथले शौकीन काचेचं न तापवलेलं घर बांधतात. आपल्याला वाटतं काच थंडीसाठी. नाही, काच पावसासाठी! या रोपाला उणे पंधरा चालतं, पण झोपेत असताना मूळ भिजलेलं चालत नाही. डोंगरात त्यावर कोरडं बर्फ असतं, युरोपच्या सखल भागात हिवाळाभर रिपरिप असते. तर काच पाऊस अडवते आणि बाजू वाऱ्याला उघड्या. कुंडी खोल, कारण मूळ खाली जातं. मिश्रणात निम्म्याहून जास्त बारीक खडी आणि जाड वाळू, उरलेली पानमाती. वर मानेभोवती खडीचा थर. बी ताजं हवं, डेल्फिनियमचं बी घरातल्या तापमानाला लवकर मरतं, म्हणून काढल्याबरोबर पेरायचं किंवा कोरडं करून फ्रिजमध्ये. उगवण दहा ते पंधरा अंशांत. वीसच्या बरंच वर गेलं की बी पुन्हा झोपी जातं. वसंतात फुटवा दिसला की भरपूर पाणी, फुलं झाली की पाणी हळूहळू तोडायचं. आणि गोगलगायी! विष असूनही कोवळा फुटवा त्या एका रात्रीत साफ करतात. भारतात कुणी गंभीरपणे करायचंच म्हटलं तर मी मनालीपेक्षा केलाँग निवडेन. मनालीला पाऊस फार.

ऑनलाइन पाकिटांवर तुमचे पैसे घालवू नका. ‘हिमालयन ब्लू डेल्फिनियम’ म्हणून फोटो कस्तुरी लार्कस्परचा किंवा संगणकावर निळा केलेला असतो, आणि आत बहुतेकदा वर्षायू लार्कस्परचं जुनं बी. तेच घ्यायचं असेल तर त्याच्या खऱ्या नावाने घ्या. कन्सोलिडा अजासिस, नवीन वर्गीकरणात तेही डेल्फिनियममध्येच धरतात. हे पुण्यात छान येतं. ऑक्टोबरच्या शेवटी, रात्री गार व्हायला लागल्या की थेट कुंडीतच पेरा, कारण रोप हलवलेलं त्याला सोसत नाही. बी पेरण्याआधी आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलं तर उगवण एकसारखी होते. वरून बोटभर जाडीचा नव्हे, नखाएवढा मातीचा थर. सकाळचं ऊन, नत्र कमी. फेब्रुवारीत निळे-गुलाबी तुरे येतील, मार्च तापला की संपेल. तेही विषारी आहे, विशेषतः बी, म्हणून पाकीट मुलांच्या हाताला लागू देऊ नका. परदेशी बागांत दिसणारे सहा-सहा फुटांचे डेल्फिनियमचे दांडे इलेटमपासून घडवलेले संकर. फ्रान्समध्ये नान्सीचे लेम्वान, इंग्लंडमध्ये लँगपोर्टचे केलवे, जर्मनीत पोट्सडॅमचे कार्ल फोर्स्टर, कॅलिफोर्नियात फ्रँक राइनेल्ट, अशा माणसांनी आयुष्यं घालून ते बनवले. ते उटी-कोडाईला, सिमल्याला जमतात. पुण्यात एक हिवाळा हौस म्हणून चालतील, दुसऱ्या हिवाळ्याची आशा धरू नका.

पण डेल्फिनियम बघायचंच असेल तर हिमालयाची वाट बघायची गरज नाही. जगात याच्या तीनशेहून अधिक जाती आहेत, जवळपास निम्म्या एकट्या चीनमध्ये, आणि एक आपल्या सह्याद्रीत: डेल्फिनियम मलबारिकम, आपली निळवंती. उत्तर सह्याद्रीबाहेर जगात कुठेच नाही. पावसाळा उतरणीला लागला की गवताळ उतारांवर तिचे निळे तुरे गवतातून वर येतात. जमिनीखाली मूळ टिकून राहतं, वरचा भाग हिवाळ्यात वाळून जातो. म्हणजे हिमालयातली बहीण बर्फात झोपते आणि ही आपल्या कोरड्या उन्हाळ्यात. जुन्या वनस्पतीसूचीत ती आफ्रिकेतल्या एका जातीच्या नावाखाली मोडायची, वेगळी स्वतंत्र जाती म्हणून तिला अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ मुन्झ यांनी मान्यता दिली. तिच्या जागा कमी आहेत आणि वणवे, चराई, उकरणं यांनी आणखी कमी होताहेत. मला माहीत असलेले उतार मी इथे लिहिणार नाही, कारण गेल्या काही वर्षांत फुलांच्या जागा जाहीर झाल्यावर तिथे काय होतं ते मी बघितलंय. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एखाद्या जाणत्या वनस्पती-अभ्यासकाबरोबर जा, पायवाट सोडू नका, आणि मुलीला फूल बाजूने बघायला सांगा. शेपटी दिसली की ती स्वतःच नाव सांगेल.

राहिली वहीतली दांडी. चंद्रताल अभयारण्य आहे, तिथून काडीही उचलायची नसते, हे पुढच्या वेळी घोडेवाल्यालाही सांगा. पण जे आलंय ते नीट ठेवू या. वहीच्या पानांत ओल राहते आणि बुरशी धरते. दांडी अलगद काढून दोन वर्तमानपत्रांच्या घडीत ठेवा, वर जाड पुस्तकांचं ओझं, चार-पाच दिवस रोज कागद बदला. पूर्ण वाळली की जाड पांढऱ्या कागदावर बारीक कागदी पट्ट्यांनी चिकटवा, सेलोटेप नको, ती पिवळी पडते. एखादं फूल असं बसवा की शेपटी बाजूने दिसेल. उजव्या खालच्या कोपऱ्यात मुलीच्याच अक्षरात चिठ्ठी लावा: डेल्फिनियम ब्रुनोनियानम, कुंझुम ते चंद्रताल वाट, उंची, तारीख, दगडी उतार, फुलं निळी-जांभळी, वास कस्तुरीचा. उंची फोटोच्या नोंदीत मिळेल. वास लिहायला विसरू नका. रंग दोन वर्षांत तपकिरी होईल, आणि वास कसा होता हे तिच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही.